हॅमार्शिया म्हणजे ‘दोष’? आठ महिन्यांच्या वापरानंतर

ग्रीक शोकात्मिका वाचायला घेतली की पहिल्याच तासाला हातात एक किल्ली पडते: नायक थोर, त्याच्या स्वभावात एक दोष (ॲरिस्टॉटलचा शब्द ‘हॅमार्शिया’), त्या दोषापायी त्याचा घात, आणि वर नियती आहेच. परीक्षेत ही किल्ली बरोबर लागते. नाटक उघडायला घेतलं की मात्र कुरकुरते.

एस्किलसची ७, सोफोक्लीजची ७ आणि युरिपिडीजच्या नावावरची १९, अशी ३३ नाटकं आज पूर्ण मिळतात. त्यातल्या निम्म्याहून जास्त नाटकांना ही किल्ली लावून झाल्यावर मत असं: वस्तू चांगली आहे, तिच्यावर ‘दोष’ हे लेबल चुकीचं चिकटलंय.

आधी लेबल. ‘पोएटिक्स’ या आपल्या शोकात्मिकेवरच्या ग्रंथाच्या १३व्या प्रकरणात ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल म्हणतो की शोकात्मिकेचा नायक दुष्टपणामुळे नव्हे, तर एखाद्या मोठ्या हॅमार्शियामुळे पडतो. या शब्दामागचं क्रियापद नेमबाजीतलं आहे. होमरच्या लढायांत फेकलेला भाला माणसाला न लागता बाजूने निघून जातो, तिथे हेच क्रियापद येतं. मराठीत याला सरळ शब्द आहे: नेम चुकणे. दोष माणसाच्या अंगात मुरलेला असतो. नेम चांगल्या तिरंदाजाचाही चुकतो. ‘स्वभावदोष’ असं भाषांतर केलं की वाचक रागीट, गर्विष्ठ, हट्टी अशी विशेषणं शोधत बसतो आणि नाटकात काय घडतंय तिकडे लक्षच जात नाही.

‘ईडिपस’वर (पु. लं.च्या मराठी रूपात ‘ओयदिपौस’) हा फरक लगेच दिसतो. कोरिंथमध्ये वाढलेला ईडिपस नकळत आपल्या खऱ्या बापाला, थीब्जच्या राजा लायसला, मारतो आणि आई योकास्टाशी लग्न करतो. दोषवाले तिठ्यावरच्या मारामारीकडे बोट दाखवतात. ओळी ८०० ते ८१३ काढून बघा. समोरून गाडी येते. गाडीवान आणि आतला म्हातारा (तोच लायस) ईडिपसला रस्त्यावरून ढकलू पाहतात. तो गाडीवानाला मारतो, म्हातारा गाडीतून त्याच्या डोक्यात दुहेरी टोकाची पराणी घालतो, आणि मग ईडिपसची काठी चालते. राग आहे, नाही कशाला म्हणा. पण शांत माणसाला डेल्फीच्या अपोलोचा कौल टळला असता, असं नाटकात कुठेही नाही. नेम चुकलाय तो आधीच, आणि एकाच जागी: कोरिंथचा पॉलिबस आपला बाप, ही समजूत. त्या एका चुकीच्या माहितीवर त्याने पुढे टाकलेलं प्रत्येक पाऊल शहाण्या मुलाचं आहे. बापाला मारशील असा कौल मिळाल्यावर कोण घरी परत जाईल?

वापरण्याची रीत सोपी आहे. कागदावर तीन रकाने पाडायचे: पात्राला काय माहीत आहे, काय माहीत नाही, आणि प्रेक्षकाला काय माहीत आहे. प्रत्येक नव्या प्रवेशाला तिन्ही भरायचे. १५३० ओळींच्या या नाटकाला दोन बैठका पुरतात. स्वभावाचं वर्णन कुठेच लिहायचं नाही, हे पथ्य.

या रकान्यांतून काय हाती लागतं त्याचा नमुना ओळ ८४२च्या आसपास आहे. योकास्टाने सांगितलेलं असतं की लायसला लुटारूंनी मारलं; अनेकवचन. ईडिपस त्या अनेकवचनाला बुडत्याने काडी धरावी तसा धरतो: एक म्हणजे अनेक असू शकत नाही, त्या हल्ल्यातून वाचलेला साक्षीदार अजून ‘अनेक’ म्हणत असेल तर मी सुटलो. म्हणून त्या साक्षीदाराला, आता धनगर झालेल्याला, बोलावणं जातं. तो येईपर्यंत कोरिंथचा दूत येऊन पोचलेला असतो आणि पॉलिबस ईडिपसचा खरा बाप नव्हता हे सांगून बसलेला असतो (सुखावायला आला आणि घात करून गेला, कलाटणीचं उदाहरण म्हणून ॲरिस्टॉटलने ११व्या प्रकरणात हाच प्रसंग दिलाय). धनगर समोर उभा राहतो तेव्हा विषय निघतो तो टाकून दिलेल्या पोराचा, म्हणजे खुद्द ईडिपसचा. लुटारू किती होते, हा ज्यासाठी त्याला आणलं तो प्रश्न त्याला कुणी विचारतच नाही. ‘रागीट नायक’ शोधणाऱ्याच्या हातून ही जागा हमखास निसटते.

आता नियती. इथे मराठी वाचकाची वेगळीच अडचण होते. नियती म्हटलं की मागून प्राक्तन आणि संचित आपसूक येतात, म्हणजे मागच्या जन्मीचं काहीतरी फेडणं चाललंय. या नाटकांत तसला हिशेब नाही. घराण्याचा शाप आहे, बापाचं नातवापर्यंत पोचतं, पण मागचा जन्म नाही. ग्रीक ‘मोइरा’चा मूळ अर्थ वाटा, हिस्सा. आपण ‘जे वाट्याला आलं’ म्हणतो, बरोबर तेच. हा शब्द वापरायला लागलं की ‘मग माणूस नुसती कठपुतळीच का’ हा कंटाळवाणा वाद बराच निवळतो. स्वतःचे डोळे फोडून घेतलेला ईडिपस स्वतःच ओळ १३२९पासून वाटणी करून देतो: ही दुःखं आणली अपोलोने, पण डोळ्यांवर वार करणारा हात माझा.

किल्ली सगळ्यात गुळगुळीत फिरते ती ‘अँटिगनी’त, पण क्रेऑनवर. हा राजा अँटिगनीच्या भावाचं प्रेत पुरू देत नाही, आणि ते पुरणाऱ्या अँटिगनीला गुहेत कोंडतो. तिथे कोरस (नाटकात एकत्र बोलणारा गट) त्याच्याबद्दल तेच नेम चुकल्याचं क्रियापद वापरतो (१२६०). चूकही अगदी मोजून दाखवता येते. कोरस त्याला सांगतो: आधी मुलीला सोडव, मग प्रेताची व्यवस्था कर. तो क्रम उलटा करतो. आधी प्रेत धुणं, जाळणं, वर मातीचा ढीग रचणं, आणि मग गुहा. तोवर तिने गळफास घेतलेला असतो.

न चालणारी नाटकंही पुष्कळ. आपली मुलं मारणारी मीडिया (इ. स. पूर्व ४३१) आपण काय करणार आहोत ते पूर्ण जाणून बोलते, चुकीच्या माहितीचा रकाना कोराच राहतो. ‘ट्रोजन विमेन’मधल्या, युद्ध हरलेल्या ट्रॉयच्या बायकांची चूक कुठली काढणार? युद्धासाठी मुलीचा बळी देणाऱ्या ॲगमेम्नॉनचं तर जास्तच अवघड. एस्किलस म्हणतो की त्याने गरजेचं जू मानेवर घेतलं. जू गरजेचं, मान खाली घालणारा तो. इथे दोषही पुरत नाही आणि नेम चुकणंही. रकाने बाजूला ठेवून तो कोरस नुसता मोठ्याने वाचावा.

तक्रार करायचीच तर ॲरिस्टॉटलबद्दलही आहे. १३व्या प्रकरणात शेवट दुःखाचा हवा म्हणतो आणि १४व्यात, ऐनवेळी ओळख पटून हत्या टळते ती रचना सर्वांत उत्तम ठरवतो. दोन्हींचा मेळ घालायचा खटाटोप अभ्यासक अजून करतायत. तो नाटकांनंतर जवळजवळ शंभर वर्षांनी लिहीत होता आणि त्याने काढलेले नियम नाटककारांसमोर नव्हते, एवढं ध्यानात ठेवलं तर चिडचिड कमी होते. शोकात्मिकेच्या चर्चेत हमखास येणाऱ्या ‘ह्युब्रिस’ या शब्दाचंही तसंच. त्याचं ‘गर्व’ करू नका. अथेन्समध्ये तो दुसऱ्याची जाणूनबुजून बेअब्रू करण्याचा गुन्हा होता, त्यावर खटला भरता येत असे.

सुरुवात ‘ईडिपस’ने करा, पण तिथेच थांबू नका. पाठोपाठ ‘ईडिपस ॲट कोलोनस’ घ्या. सोफोक्लीजच्या मृत्यूनंतर इ. स. पूर्व ४०१मध्ये रंगमंचावर आलेलं. त्यात म्हातारा, आंधळा ईडिपस क्रेऑनला सुनावतो: आत्ता इथे कुणी तुझा जीव घ्यायला धावून आला, तर तू आधी त्याला विचारशील का, की बाबा, तू माझा बाप आहेस का?