दोन रविवारांत टेम्पोची वाट बदलली

आमचा भाजीचा टेम्पो रोज नाशिकच्या पंचवटीतून निघून 22 सोसायट्या करतो. मार्ग नीट बसवता यावा म्हणून गंगापूर रोडवरचा, निसर्गावरून सुचलेल्या संगणकी पद्धती शिकवणारा हा दोन रविवारांचा क्लास लावला. मार्को डोरिगो यांनी 1992 च्या प्रबंधात मांडलेली मुंग्यांची पद्धत, म्हणजे प्रोग्रामने मुंग्यांसारखी जवळची वाट शोधणं, सरांनी जीव तोडून शिकवली. मुंगी वाटेवर गंध सोडते. जवळच्या वाटेवर तो दाट होतो, लांबच्या वाटेवरचा उडून जातो. मी गंध उडण्याचा वेग शून्य ठेवला, तर प्रोग्राम सुरुवातीच्याच वाटेला चिकटून बसला! मग 0.1 केला, अंतराऐवजी मिनिटं भरली, आणि द्वारका चौक टाळणारा मार्ग निघाला. अक्षरशः उड्या मारल्या. जनुकीय अल्गोरिदम, म्हणजे उत्तरांच्या पिढ्या घडवत चांगलं उत्तर शोधणारी पद्धत, मात्र अर्ध्या तासात उरकला. दोन उत्तरं मिसळणारा संकर कळला, उत्तरात अधूनमधून छोटा बदल करणारं उत्परिवर्तन डोक्यावरून गेलं. तिसरा रविवार ठेवा, मी पुन्हा फी भरेन.