अर्धा एचपीचा संप पंप: मोटर दणकट, फ्लोट नाठाळ

बिडाची बॉडी, दीड इंची आउटलेट आणि वायरला लोंबणारा फ्लोट, म्हणजे पाणी चढलं की पंप चालू आणि उतरलं की बंद करणारा तरंगता स्विच. तळघरात झिरपलेलं पाणी ज्या खड्ड्यात (संपमध्ये) जमतं, त्यातून ते उपसायला घेतात तो हा नेहमीचा पंप. मोटरला नावं ठेवायला जागा नाही. पाण्यात बुडालेलं बीड उष्णता पटकन सोडतं, त्यामुळे प्लास्टिक बॉडीपेक्षा हीच घ्यावी.

खोक्यावरचा लिटरचा आकडा मात्र बहुधा शून्य उंचीचा असतो. पाणी तीन मीटर चढवायचं असेल तर पंपाच्या आलेखात तीन मीटर हेडसमोर (हेड म्हणजे पाणी चढवायची उंची) जे लिहिलंय तेच खरं. आलेखच नसेल तर पंप दुकानातच राहू द्या.

पाचपैकी दीड गुण कापलाय तो फ्लोटपायी. त्याला वर-खाली झुलायला जागा लागते. ३० सेंमी व्यासाच्या खड्ड्यात तो भिंतीला नाहीतर पाइपला अडकतो. वर अडकला तर पंप कोरडा चालून सील जातं, खाली अडकला तर तळघर भरतं. खड्डा ४५ सेंमी रुंद, ६० सेंमी खोल हवा. त्यात पातळी १५ सेंमी उतरली की साधारण २४ लिटर उपसले जातात. ३० सेंमीच्या खड्ड्यात जेमतेम साडेदहा. मग पंप सारखा चालू-बंद होतो आणि मोटर तापून जळते. खड्डा मोठा करणं शक्य नसेल तर उभ्या दांड्यावरच्या फ्लोटचं मॉडेल बघा.

नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बहुतेकदा वेगळा घ्यावा लागतो. तो नसला तर पंप थांबताच तीन मीटर उभ्या पाइपातलं साडेतीन-चार लिटर पाणी पुन्हा खड्ड्यात. बसवलात, तर व्हॉल्व्हच्या खाली, पंपाच्या वर, पाइपाला ३ मिमीचं भोक पाडा, तिरकं, तोंड खाली. प्लंबर नेमकं हेच विसरतात. पंपाला आधीच भोक असेल तर दुसरं नको. भोक नसेल तर इम्पेलरपाशी (पाणी ढकलणाऱ्या फिरत्या चक्रापाशी) हवा कोंडते. पंप नुसता घुमतो, पाणी हलत नाही. भोकातून चिळकांडी उडणारच, गळती समजून बुजवू नका.

पंप विटेवर ठेवा, तळाचा गाळ ओढला जाणार नाही. पाइपाचं तोंड इमारतीच्या पायापासून तीन मीटर लांब, उताराकडे. नाहीतर तेच पाणी फिरून येतं.

जोत्याखालच्या पोकळीतली दमट हवा पंपाने हटत नाही. तिथे मातीवर किमान ०.१५ मिमी जाडीचं पॉलिथिन अंथरा, जोडावर ३० सेंमी एकावर एक.

पावसाआधी खड्ड्यात बादल्या ओतत राहा, फ्लोट उचलला जाऊन पंप सुरू होईपर्यंत. सुरू झाला तरी हलू नका, आपोआप बंद होतो का तेही पाहा.