लुट्रोतलं आमचं घर लुट्रोत नव्हतंच

ग्रीसमधल्या क्रीट बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर लुट्रो नावाचं चिमुकलं गाव आहे. पांढरी घरं, निळ्या खिडक्या, पाठीशी उभा डोंगर. गाडीरस्ता तिथे जातच नाही. होरा स्फाकियोनहून बोटीनं जायचं, नाहीतर डोंगरकडेच्या पायवाटेनं चालत. आम्ही जर्मनीत राहतो. जूनमध्ये आई-बाबा नाशिकहून आले, तेव्हा त्यांना ही शांतता अनुभवायला मिळावी म्हणून सहा रात्रींसाठी घर घेतलं.

जाहिरात एका साइटवर होती. घरमालकानं लगेच व्हॉट्सअॅपवर यायला सांगितलं. "साइट कमिशन खाते, थेट खात्यात भरा, १५ टक्के कमी करतो." मी ५४० युरो भरले. ग्रीसमधल्या खात्याचा आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, 'जीआर'नं सुरू होतो. याची अक्षरं वेगळी होती. टाइप करताना मला ती दिसलीही होती.

बोटीतून बॅगा घेऊन उतरलो. मालकाचा फोन बंद. आई गुडघे धरून बॅगेवर बसली. खानावळीतल्या बाईंना मोबाइलवरचे फोटो दाखवले. त्यांनी बाल्कनीचा फोटो दोन बोटांनी मोठा केला आणि कोपऱ्यावर नख ठेवलं. कठड्याच्या गजांमधून डांबरी रस्ता दिसत होता, कडेला एक स्कूटर लावलेली. "इथे रस्ता नाही," एवढंच त्या म्हणाल्या. जाहिरातीत तर 'दारात मोफत पार्किंग' असंही लिहिलं होतं! महिनाभर मी ते वाचत होते.

त्याच बाईंनी चार फोन करून रात्रीपुरती एक खोली मिळवून दिली. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. बँकेनं मात्र हात वर केले: पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. साइटही म्हणाली, व्यवहार आमच्यामार्फत झालाच नाही.

ग्रीसमध्ये असं घर भाड्यानं देणाऱ्याला कर खात्याकडे नोंदणी करावी लागते आणि तो नोंदणी क्रमांक जाहिरातीत द्यावा लागतो. आमच्या जाहिरातीत तो नव्हता. तुम्ही पैसे भरण्याआधी तो मागा, आणि साइटच्या बाहेर एक युरोही पाठवू नका. तिथे पोहोचल्यावर असं काही झालं, तर पर्यटक पोलिसांचा क्रमांक १५७१ आहे.

आमच्या तक्रारीनंतर ती जाहिरात काढली गेली. गेल्या आठवड्यात तीच बाल्कनी, तीच स्कूटर मला पुन्हा दिसली, दुसऱ्या एका बेटाच्या नावाखाली.