मालवणचं हिरवट पाणी की लक्षद्वीपचं निळं? समुद्री जीव बघायला होडीतून कुठे जावं

दिवाळीची सुट्टी जवळ आली की ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच, "चार-पाच दिवस आहेत, मुलांना समुद्रातले प्राणी दाखवायचेत. मालवण करू, गोवा करू, की यंदा लक्षद्वीपच?" विचारणाऱ्याने बहुतेक वेळा मनात ठरवलेलं असतं. फोटोत ज्या ठिकाणचं पाणी जास्त निळं, तिथे जीव जास्त, असा साधा हिशोब असतो. होडीत बसून बघणाऱ्यासाठी हा हिशोब नेमका उलटा आहे.

पाणी निळंशार दिसतं, कारण त्यात तरंगणारं फारसं काही नसतं. कोकणात नद्या सह्याद्रीवरून गाळ आणि सकस माती घेऊन येतात, खाडीच्या मुखाशी ते सगळं समुद्रात मिसळतं, त्यावर डोळ्यांना न दिसणारं प्लवक पोसलं जातं आणि पाणी हिरवट होतं. त्या पाण्यात तारली, बोय, ढोमा. त्यांच्यामागे डॉल्फिन, आणि वर घिरट्या घालणारे समुद्री गरुड. म्हणजे जेवण वरच्या थरात आहे, आणि श्वास घ्यायला प्राण्याला वर यावंच लागतं. लक्षद्वीपचं वैभवही खरं आहे, पण ते तळाशी आहे, प्रवाळात आहे. ते बघायला डोकं पाण्यात घालावं लागतं. माझ्या मते निवड करताना पहिला प्रश्न हाच असावा: घरची मंडळी कोरडी बसून बघणार आहेत की मास्क लावून पाण्यात उतरणार आहेत?

कोरड्यांसाठी मी बेधडक मालवणजवळच्या देवबाग-निवतीचं नाव घेते. कर्ली नदी देवबागला समुद्राला मिळते. तारकर्लीच्या पुढची ही चिंचोळी जमीन एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र घेऊन पसरली आहे. इथला डॉल्फिन म्हणजे हिंद महासागरातला हंपबॅक, पाठीवर उंचवटा असलेला. मच्छीमार त्याला 'गादा' म्हणतात. त्याला खोल समुद्र लागत नाही. किनाऱ्याजवळचं उथळ पाणी, खाडीची तोंडं, खडकाळ टोकं हेच त्याचं घर. म्हणूनच होडीतून अर्ध्या तासात तो दिसू शकतो, आणि म्हणूनच जाळी, बंदरं, सांडपाणी हे सगळं आधी त्याच्याच वाट्याला येतं. धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक लाल यादीत तो 'संकटग्रस्त' आहे.

गेल्या डिसेंबरात आम्ही पावणेसातला निघालो. मतलई वारा होता. रात्रभर गार झालेल्या जमिनीवरून समुद्राकडे वाहणाऱ्या या वाऱ्यात पाणी पाटासारखं सपाट असतं. दुपारी खारा वारा सुटला की लाटांची शिखरं फुटू लागतात आणि मग काळा पंख कुठला, लाट कुठली, हे कळत नाही. डॉल्फिन बघायला सकाळीच का जायचं, त्याचं कारण एवढंच आहे. संगमाबाहेर पडल्यावर तांडेलाने, म्हणजे होडी चालवणाऱ्याने, इंजिन बंद केलं. पाच-सात मिनिटं काहीच नाही. मग आधी आवाज आला, कुणी तरी मोठ्याने नाक शिंकरल्यासारखा. वळून पाहीपर्यंत लांबट चोच तिरकी वर आली, मागून पाठीचा उंचवटा आणि त्यावरचा छोटा त्रिकोणी पंख, शेवटी शेपूट, आणि पाणी पुन्हा बंद. तिघं होते, त्यातलं एक पिल्लू आईच्या कुशीला लागून, रंगाने फिकट. थोराड मादीच्या पंखाची कड पांढुरकी पडली होती. वीसेक मिनिटं ते होडीच्या आजूबाजूला मासे धरत राहिले, कारण त्यांना आमच्यापासून पळायचं नव्हतं.

हा डॉल्फिन उड्या फारशा मारत नाही. रीलमध्ये बघितलेली हवेतली गिरकी मनात धरून आलेली मुलं हिरमुसतात, म्हणून आधीच सांगून ठेवावं. गिरकी मारणारा तो स्पिनर डॉल्फिन. तो मोठ्या कळपाने खोल पाण्यात राहतो. लक्षद्वीपची बेटं समुद्रतळावरून एकदम उभी उठलेली असल्यामुळे तिथे प्रवाळाच्या कडेबाहेर थोडं गेलं की खोल पाणी सुरू होतं, आणि दोन बेटांमधल्या प्रवासात हे कळप होडीच्या नाळेसमोर, म्हणजे पुढच्या टोकासमोर, येऊन पोहताना दिसतात. या एका बाबतीत लक्षद्वीप कोकणावर मात करतं. दिसायला देखणा स्पिनर, पण ओळख व्हावी असा गादाच, असं मला वाटतं. तो त्याच खाडीच्या तोंडाशी पुन्हा पुन्हा येतो आणि गावातल्या लोकांना तो शेजाऱ्यासारखा माहीत असतो.

निवतीहून पुढे समुद्रात गेलं की वेंगुर्ला रॉक्स लागतात. दीपगृह असलेले हे उघडे खडक नकाशांवर 'बर्न्ट आयलंड्स' म्हणून दाखवलेले असतात. इथल्या गुहेत भारतीय पाकोळ्यांची वसाहत आहे. या पाकोळ्या स्वतःच्या लाळेने घरटी बांधतात, आणि परदेशात त्या घरट्यांचं सूप करतात म्हणून त्यांची चोरी व्हायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने इथल्या संरक्षणाचं काम हाती घेतलं. खडकांवर उतरायचा हट्ट धरू नका. होडीतूनच हजारो पक्ष्यांची ये-जा दिसते, आणि हिवाळ्यात सुरय आणि कुरव हे समुद्रपक्षी असतातच. मात्र हा टप्पा मोकळ्या समुद्रातला आहे, होडी हलते. आजी-आजोबा आणि तीन वर्षांचं मूल असेल तर देवबागवरच थांबा.

व्हेल दिसेल का, असंही विचारतात. २०१५ मध्ये कुणकेश्वरसमोरच्या समुद्रात ब्लू व्हेलची नोंद झाली, ब्रायडेज व्हेलही या पट्ट्यात आहेत. पण त्या भरवशावर तिकीट काढू नये. समुद्री साप मात्र दिसू शकतो, बहुधा रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या, जाळ्यात. मच्छीमार त्याला सवयीने शेपटीला धरून पाण्यात सोडतात. ते बघून आपण हात लावायचा नाही, तो अतिशय विषारी असतो. आणि किनाऱ्यावर वाहून आलेली झार, म्हणजे जेलीफिश, मेलेली असली तरी चावते, हे मुलांना किनाऱ्यावर पाऊल टाकण्याआधीच सांगा.

आता ओले होणाऱ्यांचं. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती प्रवाळ आहे. १९८७ साली इथे सागरी अभयारण्य घोषित झालं, सुमारे २९ चौरस किलोमीटरचं. स्नॉर्केलिंग, स्कूबा सगळं मिळतं, खर्चही आवाक्यातला. पण पाणी तेच हिरवट, चांगल्या दिवशीही काही मीटरपलीकडचं धूसर. मासे जमावेत म्हणून काही जण पाण्यात पाव टाकतात, नांगर प्रवाळावर पडतो, नवखी माणसं तोल सावरायला प्रवाळावर उभी राहतात. प्रवाळ हा जिवंत प्राण्यांचा समूह आहे, आणि एका पावलाने मोडलेली फांदी पुन्हा वाढायला वर्षं लागतात. मास्क लावून श्वास घेणं जमतंय का, पाण्याची भीती वाटतेय का, हे अजमावायला मालवण उत्तम. लक्षद्वीपचा खर्च करण्यापूर्वी ही रंगीत तालीम मी प्रत्येकाला करायला सांगते.

लक्षद्वीपला कोचीहून अगत्ती बेटाचं विमान किंवा जहाज. प्रवेशासाठी भारतीयांनाही परवाना लागतो आणि तो आधी काढावा लागतो, त्यामुळे 'चला, परवा निघू' हे तिथे चालत नाही. जहाजाने गेलात तर सकाळी लवकर कठड्याशी उभे राहा, जहाजाच्या धक्क्याने उठलेले उडते मासे चकाकत पाण्यावरून लांबपर्यंत तरंगत जातात. ते विमानातल्यांना कधीच दिसत नाहीत.

अगत्तीची खाजणी म्हणजे प्रवाळाच्या कड्याने अडवलेला उथळ, शांत तलाव. तिथे मी हिरवं कासव पहिल्यांदा जवळून पाहिलं. मी पोटावर तरंगत होते, खाली जेमतेम दोन पुरुष पाणी. कासव समुद्री गवतावर चरत होतं, अगदी गाय चरते तसं: मान पुढे, एक घास, मान आडवी झटकून पातं तोडणं, पुन्हा घास. पाठीवरच्या ढालीवर शेवाळं होतं आणि एक बारका मासा तिथेच टोचा मारत होता. काही मिनिटांनी ते माझ्याकडे न बघता वर आलं, अंगठ्यासारखं डोकं बाहेर काढून श्वास घेतला आणि पुन्हा खाली गेलं. होडीतून मला फक्त तो अंगठा दिसला असता.

पण तिथल्या चित्रातही काळजी आहे. अगत्तीला कासवं इतकी वाढली की त्यांनी गवताचे पट्टे फस्त केले. गवतात वाढणारे मासे कमी झाले म्हणून स्थानिक मच्छीमार नाराज झाले, आणि कासवं दुसऱ्या बेटांच्या खाजण्यांकडे सरकली. नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनच्या संशोधकांनी हे अनेक वर्षं अभ्यासलं आहे. प्रवाळाला तर १९९८, २०१० आणि २०१६ च्या उष्ण पाण्याने एकामागोमाग एक तडाखे दिले, २०२४ मध्येही विरंजन झालं. पाणी ठरावीक पातळीच्या वर तापलं की प्रवाळ आपल्या अंगातलं शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. जुन्या छायाचित्रांतली रंगांची बाग डोळ्यासमोर ठेवून गेलात तर काही ठिकाणी करडा चुरा दिसेल. तरीही पोपटमासे, सर्जनमासे, सागरी काकड्या, नशिबाने मांटा रे हा मोठा चपटा मासा, इतकं सगळं आपल्या देशात सहजासहजी दुसरीकडे दिसत नाही.

गोव्याबद्दल थोडक्यात. सिकेरी, कोको बीच, पाळोळे इथून डॉल्फिनच्या होड्या सुटतात आणि तिथेही तोच हंपबॅक असतो. मुंबई-पुण्याहून गोव्याला पोचणं सोपं, शिडाच्या होडीतून फिरायची हौस असेल तर तीही तिथेच भागते. पण एका सकाळी आमच्यासकट नऊ होड्यांनी चार डॉल्फिनना घेरलं. प्रत्येक वेळी ते बुडाले की सगळी इंजिनं गर्जून त्या दिशेला. एक पिल्लू दर वेळी आईपासून दूर वर यायचं. 'दाखवले नाहीत तर पैसे परत' अशी हमी होती, त्यामुळे आमचा होडीवाला थांबायला तयारच नव्हता. ते आठवलं की अजून जीव गलबलतो. सुट्टीचा मोसम टाळून, आठवड्याच्या मधल्या दिवशी, लहान होडीने जाणार असाल तरच गोवा.

आणखी एक पर्याय, जो होडीचा नाही तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. तुमची सुट्टी फेब्रुवारीअखेर ते एप्रिल अशी असेल आणि बरोबर लहान मुलं असतील, तर सगळं सोडून रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला जा. ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी गावकरी २००२ पासून सांभाळतात, २००६ पासून कासव महोत्सव होतो. सकाळी आणि संध्याकाळी हॅचरीतली, म्हणजे अंडी जपून ठेवलेल्या कुंपणातली, टोपली उचलतात आणि वाळूतून तळहातात मावेल एवढं काळं पिल्लू वर येतं. कधी एक, कधी साठ, कधी एकही नाही. त्याला हाताने उचलून पाण्यात सोडत नाहीत, वाळूवरची ती चाल त्याची त्यालाच करावी लागते. इथल्या कासवांचा पल्ला किती, ते आता कळू लागलं आहे. २०२३ मध्ये गुहागरला उपग्रह-टॅग लावलेली बागेश्री नावाची मादी श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली, आणि ओडिशात २०२१ साली टॅग केलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला येऊन अंडी घालून गेली.

मोसमाचं गणित सोपं आहे. मे संपता संपता कोकणातल्या प्रवासी होड्या बंद होतात आणि पावसाळा ओसरल्यावरच पुन्हा पाण्यात येतात. ऑक्टोबरात पाणी अजून ढवळलेलं असतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी देवबाग, निवती आणि पक्ष्यांसाठी सर्वात चांगला काळ. लक्षद्वीपही मार्चपर्यंत निवांत असतं. एप्रिल-मेमध्ये प्रवाळावर उष्ण पाण्याचा ताण येतो आणि दुपारचा वाराही जोर धरतो.

मग कुणी काय करावं? पहिल्यांदाच जाताय, तीन दिवस आहेत, घरात वयस्कर माणसं आहेत: देवबाग, दोन सकाळी राखून ठेवा. एका सकाळीत गादा दिसेलच असं नाही, दुसरी हाताशी असली की मनाला घाई राहत नाही. दहा-बारा वर्षांची पोहता येणारी मुलं आणि आठवडाभराची सुट्टी: आधी मालवणला मास्कची सवय, पुढच्या वर्षी लक्षद्वीप. पोहता येत नाही आणि पाण्यात उतरायचंच नाही, तर लक्षद्वीपवर पैसे घालू नका, सुंदर रंगाचं पाणी बघून परत याल. पक्ष्यांचं वेड असेल तर निवती, डिसेंबर-जानेवारीत, आणि दुर्बीण विसरू नका.

होडी ठरवताना फोनवर दर विचाराच, पण त्याआधी हे विचारा: "डॉल्फिन दिसल्यावर इंजिन बंद करता का? दुसरी होडी आधीच तिथे असेल तर काय करता?" देवबागच्या त्या तांडेलाने मला म्हटलं होतं, "दुसरी होडी असली तर आम्ही पुढच्या टोकाला जातो, तिथे नसले तर परत येतो." मी त्याच फोनवर दोन सकाळी ठरवून टाकल्या.