रुंगे-कुट्टा की व्हर्ले?

ग्रहांच्या कक्षांचा प्रोग्रॅम लिहिताना एक विद्यार्थिनी अडली होती: चौथ्या कोटीची रुंगे-कुट्टा घ्यावी की दुसऱ्या कोटीची व्हर्ले? दोन्ही गती वेळेच्या छोट्या पायऱ्यांनी मोजत पुढे जाणाऱ्या पद्धती; पायरी लहान केली की चूक किती झपाट्याने घटते, ते कोटी सांगते. कोटी मोठी म्हणजे पद्धत चांगली, हा समज आधी सोडायला हवा.

साधी स्प्रिंग घेऊ. वस्तुमान 1, स्प्रिंगचा स्थिरांक 1, वेळेची पायरी 0.5. हजार पायऱ्यांनंतर रुंगे-कुट्टाने सुमारे 19 टक्के ऊर्जा गमावलेली असते आणि ती गळती थांबत नाही. व्हर्लेत ऊर्जा सव्वासहा टक्क्यांच्या पट्ट्यात खालीवर होते, पण पट्टा सरकत नाही. लाख पायऱ्यांनंतरही तोच!

गणनेचा खर्चही बघा. रुंगे-कुट्टा प्रत्येक पायरीला बल चारदा काढते, व्हर्ले एकदाच. तेवढ्याच खर्चात व्हर्लेची पायरी 0.125 करता येते, मग चढउतार 0.4 टक्क्यांवर येतो.

रुंगे-कुट्टाची खरी ताकद वेळेच्या अचूकतेत. पायरी 0.5 असताना व्हर्लेचं आंदोलन साधारण 1 टक्का जास्त वेगाने धावतं, रुंगे-कुट्टाचं जेमतेम 0.05 टक्के चुकतं. हवेचा रोध असेल तरी तीच सोयीची.

लीपफ्रॉग, स्टॉर्मर, व्हेलॉसिटी व्हर्ले या व्हर्लेच्याच रूपांत निवडत बसू नका. सुरुवात जुळवली की तिन्ही तीच स्थानं देतात. वेग कुठल्या क्षणी नोंदवायचा एवढाच फरक.

रेणूंची हालचाल किंवा हजारो प्रदक्षिणा असतील तर व्हर्ले, पायरी मात्र कायम ठेवा, मधेच बदलली तर ऊर्जेची हमी जाते. थोड्या वेळाचा, काटेकोर मार्ग हवा असेल तर रुंगे-कुट्टा. त्या विद्यार्थिनीला मी व्हर्लेच सुचवली.