‘आपले अभिलेख’: गावाचा नि घराण्याचा इतिहास लिहिणाऱ्या गुरुजींना किती कामाचं?

शाळा सांभाळून गावाची माहिती आणि घराण्याची वंशावळ जमवणारे गुरुजी नि बाई महाराष्ट्रात तालुक्यागणिक सापडतात. त्यांचं घोडं अडतं ते कागदापाशी. जुने फेरफार (जमिनीवरची नावं बदलल्याच्या नोंदी) तहसीलच्या अभिलेख कक्षात, आणि कक्ष उघडा असतो तो नेमका शाळेच्या वेळात. महसूल विभागाच्या ‘आपले अभिलेख’ या ऑनलाइन सेवेमुळे हे हेलपाटे बरेच वाचतात, म्हणून ती जरूर वापरावी. मात्र तिथे मिळतो तो कागदाचा फोटो. त्यातून वंशावळ काढायची तर कागद वाचता यावा लागतो.

शोध सोपा आहे. खातं उघडायचं, मग कार्यालय, जिल्हा, तालुका, गाव आणि कागदाचा प्रकार निवडून गट किंवा सर्व्हे नंबर टाकायचा. वर्षवार यादी येते. हवे ते कागद कार्टमध्ये टाकायचे आणि फाइल उपलब्ध दाखवली की उघडून उतरवून घ्यायचे. सुरुवात अकोला, अमरावती, धुळे, नाशिक, ठाणे, पालघर आणि मुंबई उपनगर या सात जिल्ह्यांपासून झाली. आपला जिल्हा यादीत आहे का, ते आधी बघावं. पोटहिश्श्यासकट नंबर टाकून काही आलं नाही तर नुसता मूळ नंबर टाकून पाहावा. हस्तलिखितात १ आणि ९ एकमेकांसारखे दिसतात, तेव्हा दोन्ही आकडे घालून बघायला हरकत नाही. कागद कुठे दाखल करायचा असेल तर सही-शिक्क्याची नक्कल तहसीलमधून घेतलेली बरी.

बहुतेकांची गाडी अडते ती गट नंबरावर. १९४७ च्या तुकडेबंदी-एकत्रीकरण कायद्याखाली ज्या गावात विखुरलेले तुकडे एकत्र करायची योजना लागू झाली, तिथले सर्व्हे नंबर जाऊन गट आले. आजचा गट टाकून योजनेच्या मागचं काहीच हाती लागत नाही आणि माणूस समजतो की जुनं रेकॉर्डच नाही. अशा वेळी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाचा नऊ-तीन, नऊ-चारचा उतारा घ्यावा. कोणत्या सर्व्हे नंबरचा कोणता गट झाला ते त्यात असतं. तो जुना नंबर घेऊन पुन्हा शोधायचं.

सातबारा वंशावळीला फारसा उपयोगी नाही, तो फक्त वाट दाखवतो. कंस केलेलं नाव म्हणजे नोंदीतून कमी झालेला माणूस, आणि शेजारी वर्तुळात असतो तो फेरफार क्रमांक. तो धरून गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवही गाठायची. वारसाच्या एका नोंदीत मयताचं नाव, बहुतेकदा मृत्यूची तारीख, वारस, त्यांचं नातं आणि वय एवढं सगळं मिळतं. एका पानावर अख्खी पिढी!

घोटाळा होतो तो संक्षेपांमुळे. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. नाव एकट्या थोरल्याचं असलं तरी जमीन सगळ्या भावांची. हे सुटलं की धाकट्या भावांच्या शाखा वंशावळीतून सरळ गळतात. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणजेच अल्पवयीन वारसाचा पालक. तिथे बहुधा आईचं नाव असतं, म्हणून ही ओळ सोन्याची. ‘बिन’ नि ‘वलद’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ किंवा ‘भ्र.’च्या पुढे नवऱ्याचं नाव.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्याआधीच्या नोंदींत लेकी सहसा नसतातच. नंतर त्या येतात, आणि पुष्कळदा लगेच हक्कसोडाच्या फेरफाराने निघून जातात. इतिहास लिहिणाऱ्याने तो हक्कसोड मुद्दाम काढावा, कारण लेकीचं सासरचं नाव नि गाव त्यातच सापडतं. छापील वंशावळींत ‘मुलगी १’ एवढ्यावर बोळवण केलेली असते, ती खरं तर एका कागदाने भरून निघते.

फार जुने कागद मोडी लिपीत असतात आणि लिप्यंतर ज्याचं त्यालाच करावं लागतं. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळलेलं नसतं आणि दोन शब्दांत जागाही सोडलेली नसते. नाव आधी देवनागरीत माहीत असलेल्या दुसऱ्या कागदाशी ताडून मगच नक्की करावं. शक सालात ७८ मिळवले की इसवी सन येतो (पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंत ७९), फसली या जुन्या महसुली सनात साधारण ५९०. मराठवाड्यात निजामकाळाचे कागद उर्दूत भेटतात, तिथे जाणकार हवाच.

उरलेली भर शाळेच्याच कपाटात असते: जनरल रजिस्टर, म्हणजे मुलांच्या प्रवेशाची वही. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या, त्याआधीची लोकल बोर्डाच्या काळातली रजिस्टरं कित्येक शाळांत अजून शाबूत आहेत. जन्मस्थळ, आधीची शाळा, शाळा सोडण्याचं कारण हे रकाने मन लावून वाचावेत. ‘पालकांचे स्थलांतर’ अशा शेऱ्यांवरून दुष्काळात कोणती घरं गाव सोडून गेली ते कळतं. जन्मतारखेवर मात्र विसंबू नये. प्रवेश जूनमध्ये, म्हणून १ जून लिहून टाकायची रीतच होती. साल जवळपासचं धरावं, दिवस सोडून द्यावा. मूळ रजिस्टर शाळेबाहेर नेऊ नये आणि ठिसूळ पानं सपाट स्कॅनरवर दाबू नयेत, शिवण उकलते. मोबाइलने वरून सरळ फोटो काढावा.

उतरवलेल्या फाइलला लगेच गाव, नमुना, फेरफार क्रमांक आणि साल या क्रमाने नाव द्यावं. वंशावळीत प्रत्येक नावापुढे तोच क्रमांक लिहावा, म्हणजे भाऊबंदांत शंका निघाली की कागदच पुढे ठेवता येतो.