धंदेवाल्याचा टर्म प्लॅन: काही महिन्यांनंतरचा अनुभव

साताऱ्यात माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. नोकरदाराला पीएफबरोबर ईडीएलआयचं (पीएफ खात्याला जोडलेल्या आयुर्विम्याचं) 7 लाखांपर्यंतचं संरक्षण असतं, वर बऱ्याच ठिकाणी कंपनीचा ग्रुप विमा. आपल्याकडे यातलं काहीच नाही, उलट डोक्यावर बँकेची सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठीचं फिरतं कर्ज). 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा 18 टक्के जीएसटी रद्द झाला आणि त्यानंतर नोव्हेंबरात मी 1 कोटीचा टर्म प्लॅन (मुदतीत माणूस गेला तरच घरच्यांना पैसे देणारा विमा) घेतला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण धंदेवाल्याला सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच विचारतात.

सगळ्यात मोठा अडसर रिटर्नचा. पगारदार माणूस सॅलरी स्लिप देऊन मोकळा होतो, आपल्याकडून मागच्या दोन-तीन वर्षांचे आयटीआर कॉम्प्युटेशनसकट (उत्पन्न कसं काढलं त्या हिशेबाच्या कागदासकट) मागतात. आमच्या लाइनीत बरेच जण 44एडीखाली (पूर्ण हिशेब न दाखवता उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांनी नफा धरायची आयकरातली सोय) रिटर्न भरतात. 40 लाखांची उलाढाल, सगळी बँकेतून, आणि त्यावर 6 टक्क्यांनी नफा दाखवला तर उत्पन्न येतं 2 लाख 40 हजार. कंपनीने त्याच्या वीसपट विमा द्यायचा म्हटला तरी 48 लाखांवर गाडी थांबते. घर प्रत्यक्षात किती पैशांवर चालतं, हे तिथे कुणी विचारत नाही. सीसीसाठी मी पहिल्यापासून पूर्ण हिशेब आणि खरा नफा दाखवत आलोय, त्यामुळे माझं 1 कोटीचं प्रपोजल अडलं नाही. ज्यांना पुढे मोठा विमा हवाय त्यांनी आपल्या सीएशी आत्ताच बोलावं. नफा एकाच वर्षी एकदम फुगवून दाखवला तर अंडररायटर (विमा द्यायचा की नाही हे ठरवणारा कंपनीचा माणूस) शंका घेतो.

मेडिकलला माणूस घरी येऊन रक्त-लघवी घेऊन गेला. नंतर फोनवर डॉक्टरने बिडी, सिगारेट, तंबाखू, मिश्री सगळं वेगवेगळं विचारलं. वेल्डिंगसाठी निराळा फॉर्म: उंचीवर चढता का, गॅस कटिंग करता का. खरं तेच सांगा. तीन वर्षं झाल्यावर विमा कायद्याच्या कलम 45 मुळे कंपनीला पॉलिसीवर आक्षेप घेता येत नाही, पण त्याआधी काही झालं तर फॉर्ममधलं प्रत्येक उत्तर बायकोला निस्तरावं लागेल.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. पॉलिसी घेतानाच 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली घ्या. एजंट हा विषय आपणहून काढत नाहीत, मलाच फॉर्म मागून घ्यावा लागला. त्यात बायकोला 50 टक्के, दोन्ही मुलांना 25-25 आणि ट्रस्टी म्हणून मेव्हण्याचं नाव टाकलं. धंद्याच्या देण्यापोटी या पैशावर बँक किंवा सावकार हक्क सांगू शकत नाही. फक्त देणी बुडवायच्या हेतूनेच पॉलिसी काढली असेल तर संरक्षण मिळत नाही. पॉलिसी निघाल्यावर हे कलम जोडता येत नाही आणि लिहिलेली बायको-मुलांची नावं बदलता येत नाहीत, म्हणून घरात बसून नीट ठरवा. यंदा सीसी रिन्यू करताना बँकेच्या साहेबांनी ही पॉलिसी असाइन करून (कर्जापोटी बँकेच्या नावावर करून) मागितली. ती आता माझी नाहीच, बायको-मुलांची आहे, असं सांगितल्यावर विषय संपला. बँकेला हवंच असेल तर कर्जापुरता छोटा विमा वेगळा काढेन.

हप्ता सहामाही ठेवलाय. नोव्हेंबरात दिवाळीच्या आधीची उधारी वसूल झालेली असते आणि मे महिन्यात पावसाआधीच्या पत्र्याच्या शेडची कामं जोरात असतात. मासिक हप्त्याला चुकल्यावर 15 दिवसांचीच सवलत आहे, सहामाहीला 30. पार्टीचं पेमेंट कधी येईल याचा भरवसा नसलेल्या माणसाला हे जादाचे 15 दिवस फार मोठे आहेत.

अपंगत्वाच्या रायडरवर (मूळ पॉलिसीला जोडलेल्या जादा संरक्षणावर) मात्र मी नाराज आहे. माझ्या पॉलिसीत कायमचं आणि पूर्ण अपंगत्व आलं तरच पैसे आहेत. ग्राइंडरवर दोन बोटं गेली आणि काही महिने काम बंद राहिलं तर एक रुपया नाही. त्यासाठी जनरल इन्शुरन्स कंपन्यांची वैयक्तिक अपघात पॉलिसी बघतोय, तिच्यात काम बंद असताना दर आठवड्याला ठरावीक रक्कम मिळण्याची सोय घेता येते. वर्कशॉपमधल्या पोरांची तोवर सरकारची 436 रुपयांची जीवनज्योती आणि 20 रुपयांची सुरक्षा विमा योजना त्यांच्या बँकेत सुरू करून दिली आहे, पैसे वर्कशॉपच्या खर्चात धरतो.